गुणांची महागाई

निंबोला, सप्टेंबर 2024.

पुतणीच्या वहीत खंडव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजचा गेल्या वर्षीचा कटऑफ लाल पेनाने लिहून, भोवती चौकट केलेली. यंदा तिने त्याहून जास्त गुण मिळवले, तरी नंबर लागला नाही. मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेची खुल्या गटाची पात्रता 2023 मध्ये 137 होती, यंदा 162. पैकीच्या पैकी 720 गुण आधी 67 जणांना, सुधारित निकालात 17 जणांना! पोरीने कमी का अभ्यास केला? मला संताप येतो. ज्यांना कोटा शहरातला क्लास परवडतो ते पुन्हा बसतील. आमचं वर्ष केळीच्या भावावर ठरतं.

"काका, परीक्षा परत देऊ का?"

दे म्हणालो. दादाशी आज रात्रीच बोलतो.