शिक्षकाचा अंतिम सामना

अंतिम सामन्याचा विषय निघाला की पुष्कळांना गोल आठवतात. आम्हांस मात्र एक शिक्षक आठवतात. हैदराबादच्या शाळांतून शिकविणारे सय्यद अब्दुल रहीम हे भारतीय फुटबॉल संघाचे मार्गदर्शक होते. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारतास २-० असे हरविले. पुढच्या सामन्यात जर्नेलसिंगांचे डोके फुटून टाके पडले. रहीमांनी त्याच बचावपटूस पुढे आघाडीवर खेळविले! ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा कोरियाच समोर उभा ठाकला. सारे प्रेक्षागार भारताच्या विरोधात ओरडत होते. पहिला गोल पी. के. बॅनर्जींनी केला, दुसरा जर्नेलसिंगांनी. भारत २-१ असा विजयी झाला. त्यानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी रहीम कर्करोगाने निवर्तले.

यंदा आदिलाबादच्या मैदानावर पहिलाच सामना हरून आमची मुले रडू लागली, तेव्हा आम्ही त्यांस हीच हकीकत सांगितली. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने डोळे पुसले आणि विचारले, "गुरुजी, उद्या सराव किती वाजता?" रहीमांचा तास अद्याप संपलेला नाही, असे आम्हांस वाटले.