रामलालचा हात

रोह्यात यंदा ‘एकच प्याला’ बसवतोय आणि रामलालची भूमिका मी दुसऱ्याला दिलीय. गुडघे आता नाटकभर उभं राहू देत नाहीत. मुलगा पेणचा, गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. हात कमालीचा स्थिर. मला नेमका तोच हात जरा अडखळायला हवाय.

१९१९ साली गंधर्व मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून लोक बोलतात ते बोडसांनी रंगवलेल्या, दारूत बुडणाऱ्या सुधाकरबद्दल आणि बालगंधर्वांच्या सिंधूबद्दल. तळीरामाला हशा ठरलेला. रामलालच्या वाट्याला उपदेश. पण नाटककार गडकऱ्यांनी त्याला तेवढ्यावर सोडलेलं नाही. बालविधवा शरदला तो मुलगी मानतो आणि तिच्याकडेच त्याचं मन ओढ घेतं. ज्या भगीरथाला दारूतून बाहेर काढलं, त्याचाच मत्सर वाटू लागतो. थेंबाला न शिवता हा माणूस झिंगतो, आणि सुधाकरला जे जमत नाही ते करतो, वेळेत शुद्धीवर येतो.

स्पर्धेसाठी नाटक आटोपशीर करणारे पहिली कात्री शरद-भगीरथावर चालवतात. मला याचा संताप येतो. मग रामलाल म्हणजे दारूबंदीचा चालता-बोलता फलक उरतो.

माझं घोडं अडतं ते एकाच ठिकाणी. हे सगळं सुरू कधी होतं? स्वगतात तो कबुली देतो, पण त्याआधीच प्रेक्षकाला वास लागला पाहिजे आणि रामलालला मात्र लागता कामा नये. शरदच्या डोक्यावर आशीर्वादाचा हात ठेवला की तो उचलायला मी किंचित उशीर करायचो. जरा जास्त झालं की लंपट दिसतो, कमी झालं की काहीच दिसत नाही.

परवा मुलाने विचारलं, “काका, तिच्याकडे बघू का?”

“नको. भगीरथाकडे बघ.”

त्याने बघितलं. हात डोक्यावर तसाच राहिला आणि शरदचं काम करणारी मुलगी नकळत अर्धं पाऊल मागे सरकली. तीच जागा पुन्हा पुन्हा करून घेतली, पण ते पाऊल काही परत आलं नाही.

त्या स्वगताला रोह्यात मला हमखास टाळी पडायची. ती याला पडू नये असं मला वाटतं, अगदी मनापासून वाटतं. टाळीच्या आधी श्वास कुठे तोडायचा, ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.