आबांची सही

आमच्या घरावर चार कर्जं होती: बँकेचं घरकर्ज, पतपेढीचं कर्ज, सोनेतारण आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी. यातलं आधी कुठलं फेडायचं हे शाळकरी पोरगंही सांगेल. मी तर तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब लिहिते; बाईमाणूस असूनही मार्केटात मला सगळे मेहताजीच म्हणतात. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस, वर जीएसटी. पतपेढीचं वर्षाला चौदा. तरी हातात रक्कम आली तेव्हा आम्ही आधी पतपेढी मिटवली, कारण तिथल्या कागदावर जामीनदार म्हणून आबांची सही होती.

आबा आमच्या नात्याचे नव्हेत, तालुक्याचे. माझं सासर पाटणकडचं, आबाही तिकडचेच. तुर्भ्याच्या सेक्टर 21 मधल्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर राहतात, आम्ही दुसऱ्या. मिसरूड फुटायच्या आत ते मुंबईत आले, मशीद बंदरला पाठीवर गोणी घेऊ लागले, गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जणांत झोपले. 1969 साली माथाडी कायदा झाला. त्याआधी मजुरी किती मिळणार आणि कधी मिळणार हे मुकादमाच्या मर्जीवर, असं ते सांगतात. कायद्यानंतर बोर्ड आलं. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही बोर्डात भरणार, बोर्ड ती कामगाराला देणार, लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील यांचा फोटो आबांच्या घरात देव्हाऱ्याशेजारी आहे. अण्णासाहेबही पाटणचेच, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलताना आबांचा आवाज घरच्या माणसाबद्दल बोलावा तसा होतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कांदा-बटाटा मार्केट मुंबईतून इकडे आलं, त्याच्या मागोमाग आबांची टोळीही आली. तेव्हा इथे रेल्वे नव्हती. तुर्भे स्टेशनातून गाडी धावायला 2004 उजाडलं.

2018 साली सासऱ्यांचं बायपास झालं. गावाकडच्या माणसाला विमा कुठला? माझे दागिने सोनेतारणात गेले आणि उरलेल्या रकमेसाठी पतपेढीचा अर्ज भरला. पतपेढीला दोन जामीनदार लागतात. एक नवऱ्याच्या कंपनीतला मित्र तयार झाला. दुसऱ्यासाठी आम्ही जवळच्यांना फोन केले. कुणाच्या मुलीचं लग्न होतं, कुणी आधीच दोघांना जामीन होतं, एका दिरांनी फोन उचलायचंच सोडलं. आबांना आम्ही विचारलंही नव्हतं. जिन्यात नवऱ्याचं फोनवरचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं असावं. संध्याकाळी वर आले, म्हणाले, "मी हाय की त्या पतपेढीचा सभासद. ठेव बी हाय माझी तिथं. आण कागद."

ती सही मला लख्ख आठवते. आबा फार शिकलेले नाहीत. बोर्डाच्या कामापुरती सही गिरवून शिकले. एकेक अक्षर सुटं काढतात, मग शेवटी पेन डावीकडून उजवीकडे असं ओढतात, जणू गोणीचं तोंड सुतळीनं आवळतायत. कागद त्यांनी वाचला नाही. रक्कम विचारली, हप्ता विचारला आणि म्हाताऱ्याला कितव्या मजल्यावर ठेवलंय ते विचारलं.

त्यानंतर 2020 आलं. मे महिन्यात मार्केट आठवडाभर पूर्ण बंद होतं. पुढे उघडलं, पण पेढीवर बरेच महिने अर्धा पगार. बँकेनं मार्च ते ऑगस्ट हप्ते न भरायची मुभा दिली, तेव्हा आमच्या इमारतीत लोकांना हप्ते माफच झाल्यासारखं वाटलं. मुभा हप्त्याला होती, व्याजाला नव्हती. ते मुद्दलात जमा होत राहिलं. कार्डाचा वापर त्याच काळात वाढला. किराणा, औषधं, लेकीच्या ऑनलाइन शाळेसाठी फोन. आणि 2022 मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या ज्या कारखान्यात नवरा वीस वर्षं होता, तो बंद झाला. या पट्ट्यातल्या कितीतरी कारखान्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत, त्यामुळे यात नवल काही नव्हतं. फक्त त्याचं वय सत्तेचाळीस होतं.

पतपेढीचे हप्ते थकले. थकबाकीची नोटीस कर्जदाराला जाते तशी जामीनदारालाही जाते, हे मला माहीत होतं. आबांना ती मिळाली की नाही, हे विचारायची छाती होत नव्हती. जिन्यात रोज भेटायचे. "म्हाताऱ्याचं कसं हाय?" एवढंच. शेवटी वसुलीला आलेल्या पोरानंच सांगितलं, "खालच्या काकांना दोनदा कळवलंय, ते म्हणाले वर जाऊ नका, भरतील ते." त्या रात्री आम्ही नवरा-बायको जेवलो नाही असं काही झालं नाही. जेवलो, आणि जेवताना ठरवलं की कारखान्याची भरपाई आली की पहिली पतपेढी.

आली तशी भरलीसुद्धा. एक लाख साठ हजार. ना-देय दाखला घेऊन मी थेट आबांकडे गेले. मनात होतं की म्हातारा खूश होईल. त्यांनी दाखला चष्मा लावून पाहिला, सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि विचारलं, "आन् त्ये कार्ड?"

"त्याचे ऐंशी हजार आहेत अजून. बघू हळूहळू."

"येडी हायस का गं सूनबाई? मेहताजी म्हनवतीस आन् बेचाळीस टक्के ठेवून चौदा फेडतीस? माझी ठेव काय पळून चालली व्हती?"

मी काही बोलले नाही. हिशेब त्यांचाच बरोबर होता. पुढे कार्ड फिटायला वर्ष लागलं आणि ऐंशी हजार तिकडे न भरल्यानं आम्हाला चौदा-पंधरा हजारांचा जादा भुर्दंड बसला, हे मी नंतर काढून पाहिलंय. पैशांचे सल्लागार ज्याला भावनिक निर्णय म्हणतात तो हाच असावा. पण मी पुन्हा त्याच जागी असले तर पुन्हा तेच करीन. सल्लागारांच्या तक्त्यात जिन्याचा रकाना नसतो. कार्डवाल्या बँकेला मला रोज सकाळी तोंड दाखवायचं नव्हतं.

त्या दिवसापासून आबांनी आमच्या कर्जांत लक्ष घातलं, म्हणजे विचारून नव्हे, हक्कानं. त्यांचा एकच धोशा: "हप्त्यावर समाधान मानू नगंस, मुद्दल मार." मला वाटायचं, हा जुन्या सावकारीचा अनुभव, बँकेचा कारभार वेगळा. 2023 मध्ये घरकर्जाचा उतारा नीट वाचला तेव्हा कळलं की वेगळा काही नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला, आणि आमचं कर्ज बदलत्या दराचं. हप्ता मात्र वाढला नव्हता, म्हणून आम्ही निर्धास्त. बँकेनं हप्ता तोच ठेवून मुदत ताणली होती. साडेसतरा लाख बाकी, पंधरा हजार सहाशेचा हप्ता, दर 6.9 वरून 9.4 टक्क्यांवर. पंधरा वर्षं उरली होती, ती बावीसच्या पुढे गेली. हप्त्यातले दोन हजारसुद्धा मुद्दलाला जात नव्हते. शेवटचा हप्ता भरताना नवरा सत्तरीचा झाला असता.

हे आबांना सांगितलं, बावीस वर्षांत चोवीस लाखांच्या वर नुसतं व्याज जाईल तेही सांगितलं. ते म्हणाले, "दामदुपटीच्या वर तर आमच्या गावचा सावकार बी मागत नव्हता." दामदुपटीचा जुना नियम थकलेल्या व्याजाबद्दलचा आहे, नियमित हप्त्यांना तो लागत नाही, हे मी त्यांना समजावायला गेले आणि मध्येच सोडून दिलं.

ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं, की दर बदलला तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. मी रजा टाकून शाखेत गेले. अधिकारी मुलगी गोड बोलणारी होती, पण जादा रक्कम भरायची म्हटल्यावर म्हणाली, "मॅडम, पुढचे हप्ते ॲडव्हान्स जमा करून घेऊ का?" इथेच लोक फसतात. पुढचे हप्ते आगाऊ नकोत. रक्कम मुद्दलात वळती करा आणि हप्ता कमी न करता मुदत कमी करा, असं लेखी द्यावं लागतं. बदलत्या दराच्या घरकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड 2012 पासून नाही. महिन्याला फक्त दोन हजार जादा भरले तर बावीस वर्षांची सोळा होतात, हे तिच्याच संगणकावर काढून घेतलं. तिलाही नवल वाटलं. तिचंही घरकर्ज होतं.

आता हे दोन हजार आणि कार्डाचे आठ-नऊ हजार दर महिन्याला आणायचे कुठून? नवऱ्याला एका गोदामात काम मिळालं होतं, आधीच्या पगाराच्या जेमतेम निम्म्यावर.

तुर्भ्यात राहण्याचा फायदा इथे झाला. कांदा आम्ही गोल्टी घेऊ लागलो, हॉटेलवाले घेत नाहीत तो बारका कांदा. सोलायला वेळ लागतो, चवीत फरक नाही. भाजीपाला मार्केटचा धंदा पहाटे उरकतो. उजाडल्यावर उरलेला माल गेटाबाहेर येतो, तेव्हा कोथिंबिरीची जुडी तुमच्या भावानं मिळते. मार्चमध्ये नवी मिरची आली की बेडगी आणि लवंगी पेढीवरूनच, गच्चीवर दोन दिवस उन्हं, मग डंखावर कुटायला. वर्षाचा मसाला झाला. स्कूटर विकली. पेढी चालत वीस मिनिटांवर आहे. वाटेत नाकात धणे, हळद, मग मिरची, आणि वारं उलटं असलं तर कंपन्यांचा तो आंबूस वास. नवरा पूर्वी दोन पाळ्या करून रात्री अकराला यायचा, आता साडेसहाला घरी. भाकरी थापायला शिकला. त्याची भाकरी माझ्यापेक्षा बरी फुगते, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

पण साध्या राहणीचं कौतुक करणाऱ्यांच्या घरात बहुतेक अकरावीतली मुलगी नसावी. वाशीच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीला गोल्टी कांद्यात काही रम्य दिसत नव्हतं. मैत्रिणींची सहल निघाली, ती गेली नाही. "तुमचं कर्ज आहे, माझं नाही," असं एकदा म्हणाली आणि ते खरंच होतं. तिला मी चारही कर्जांची वही दाखवली. तिनं पानं उलटली आणि विचारलं, "आजोबांच्या ऑपरेशनचे मोठ्या काकांनी किती दिले?" त्या रकान्यात काही नव्हतं. त्यानंतर तिनं वाद घातला नाही, पण गणपतीत मोठ्या काकांकडे जाऊन ती हसून बोललीही नाही. मला वाटतं याचीही किंमत हिशेबात धरायला हवी.

सगळ्यात अवघड गेला तो आहेर. भाजी कुणाला दिसत नाही, आहेर दिसतो. सासूबाईंकडे आहेराची वही आहे: कुणी कुणाच्या लग्नात काय घातलं, पंचवीस वर्षांचं. आमच्या लग्नात ज्यांनी पाचशे एक दिले त्यांच्या मुलाला आज पाच हजारांखाली देता येत नाही. पाटणच्या एका लग्नात मी पाचशेचंच पाकीट दिलं. सासूबाईंनी गाडीत बसेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. त्या लग्नाला आबाही होते. परतीच्या वाटेत कराडला चहाला थांबलो, तेव्हा आबा सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, तुमच्या सुनंनं माझं नाव राखलं. तुमचं बी राखील." सासूबाई त्यावरही काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या लग्नाला त्यांनी वही बाहेर काढली नाही.

2023 मध्ये कार्ड संपलं. पुढच्या वर्षी दागिने सुटले. घरकर्ज अजून आहे. 2025 मध्ये दर उतरले, बँकेचा संदेश आला, आम्ही हप्ता तोच ठेवला. आता मुद्दलाला पूर्वीपेक्षा बरंच जास्त जाऊ लागलंय.

गेल्या महिन्यात आबा वर आले. हल्ली दोन मजले चढले की त्यांना जिन्यातच बसावं लागतं, म्हणून नातू मागे खुर्ची घेऊन आला होता. नातवाला टेम्पो घ्यायचाय, मार्केटातला माल पनवेल-उरणकडे टाकायला. पतपेढीचा अर्ज चार लाखांचा. जामीनदाराच्या जागी एक नाव भरलेलं, दुसरी जागा रिकामी. आबांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. मी पेन काढलं नाही. नातवाला विचारलं, टेम्पो नवा की जुना, महिन्याला भाडी किती, डिझेल जाऊन काय राहतं, पावसाळ्यात काय. त्याला निम्म्याची उत्तरं येईनात.

"जुना बघ, चांगला मिळेल. अडीच लाखांत बसव," मी म्हणाले. "अर्ज बदलून आण, सही तयार आहे."

नातू आबांकडे बघायला लागला. आबा चिडले होते, मला स्पष्ट दिसत होतं.

"मी तुझ्या येळंला रक्कम कमी कराया सांगितली व्हती का?" ते म्हणाले.

"नाही. तुम्ही चुकलात तिथं."

मग त्यांनी नातवाला खुर्ची उचलायला सांगितली. दोन दिवसांनी तो एकटाच आला. अर्ज पावणेतीन लाखांचा होता.