आधी चासी, मग इंजिन

बेंगळुरूत जुनी डिझेल फोर बाय फोर घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा बॉनेटपासून सुरुवात करतो. इंजिन चालू करायला सांगतो, कान देऊन आवाज ऐकतो, धूर बघतो आणि मान डोलावतो. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये अशी गाडी तपासायला आली, की मी बॉनेटला सगळ्यात शेवटी हात लावतो. डिझेल इंजिन खोलून पुन्हा उभं करता येतं. पंप, नोझल, टर्बो, क्लच बदलून मिळतात, जे. सी. रोडवर नाही सापडले तर शिवाजीनगरच्या जुन्या बाजारात सापडतात. पण चासी सडली असेल किंवा कागदांत घोळ असेल, तर कितीही पैसे ओतले तरी ती गाडी मार्गी लागत नाही. जे दुरुस्त होत नाही ते आधी बघायचं, हा माझा नियम आहे.

म्हणून पहिला क्रम कागदांचा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. त्यानंतर तिकडच्या धडधाकट गाड्याही पडत्या भावात दक्षिणेकडे येऊ लागल्या. भाव बघून भुलू नका. मूळ आरटीओची एनओसी, बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला, बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर केए नंबर आणि कर्नाटकचा आजीवन कर, हे सगळं बेरजेत धरा. मग स्वस्ताई किती उरते ते दिसेल.

जुन्या जीपमध्ये आणखी एक पेच असतो. एमएम ५४० मध्ये मूळचं प्यूजोच्या आराखड्याचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन. महिंद्रा ते आपल्या इगतपुरीला बनवत असे. आज अशा कितीतरी जीपमध्ये भलतंच इंजिन बसवलेलं असतं आणि आरसीवर त्याची नोंदच नसते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांना आळा घालतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करायची असते. तेव्हा निरीक्षक गाडी प्रत्यक्ष बघतो आणि आधीच्या मालकाची हौस नव्या मालकाच्या गळ्यात पडते. म्हणून चासी नंबर तारेच्या ब्रशने साफ करा, त्यावर कागद धरून पेन्सिल फिरवा आणि एकेक आकडा आरसीशी ताडून बघा. नंबरच्या आसपास ग्राइंडर फिरल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या, तर बोलणी तिथेच थांबवा.

मग गाडी कुठे वाढली ते बघायचं. कर्नाटकात मालक बदलला तरी राज्यातला नंबर बदलत नाही, त्यामुळे नंबर प्लेट बरंच सांगून जाते. केए १९ म्हणजे मंगळूर, केए २० म्हणजे उडुपी. तिथली खारी हवा पत्र्याच्या सांध्यांत शिरते. केए १२ कोडगू, केए १८ चिक्कमगळूर. या गाड्या कॉफीच्या मळ्यांत राबलेल्या असू शकतात. त्यांच्या मीटरवर किलोमीटर कमी दिसतात, पण त्यांतले पुष्कळसे पोती लादून, चिखलात, लो गिअरमध्ये कापलेले असतात. अशा गाडीत मीटरच्या आकड्यावर भाव ठरवणं म्हणजे फसगत.

गाडी खड्ड्यावर घेतली, की मी लहान हातोडी काढतो. पाट्यांचे हँगर, मागचा क्रॉस मेंबर, बॉडी माउंट, स्टिअरिंग बॉक्सची जागा असं एकेक ठिकाण ठोकत जायचं. जिवंत लोखंड ठणकतं, सडलेलं बद्द वाजतं. चासीच्या पोकळीत साठलेला चिखल ओल धरून ठेवतो आणि लोखंड आतून खातो, म्हणून बाहेरून धड दिसणाऱ्या चासीवर विसंबायचं नाही. बाकी गाडी जुनी आणि खालचा काळा रंग तेवढा ताजा असेल, तर वरून कीर्तन आतून तमाशा असण्याची शक्यता धरूनच चालायचं.

मागच्या पावसाळ्यानंतर मूळचा कोल्हापूरचा एक तरुण केए १२ नंबरची थार घेऊन आला. रंग चकचकीत, इंजिन गोड. मी मागच्या डिफरन्शिअलचा भरायचा बोल्ट काढून आत बोट घातलं. बाहेर आलं ते दुधाळ, करड्या रंगाचं तेल.

"काका, हे काय?" त्याने विचारलं.

"पाणी शिरलंय. गाडी ओढ्यात उतरवलेली आहे."

धावून तापलेलं हाऊसिंग थंड पाण्यात बुडालं, की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ती सीलमधून पाणी ओढते आणि क्राऊन-पिनियनची बेअरिंगं गंजायला लागतात. तेलात बारीक राखेसारखी धातूची पूड असणं वयाला धरून आहे. पण चिमटीत धरता येतील असे तुकडे निघाले, तर दात मोडलेत असं समजायचं. त्याने हाऊसिंगचं काम किमतीतून वळतं करून घेतलं, कारण चासी आणि कागद दोन्ही ठणठणीत होते.

फोर बाय फोर लागते का, हे मोकळ्या मातीवरच बघावं. पार्ट टाइम पद्धतीत मधला डिफरन्शिअल नसतो. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून फिरतात आणि कोरड्या डांबरावर हा ताण सुटायला जागा मिळत नाही, त्यामुळे ट्रान्सफर केसवर जोर येतो. मातीवर फोर हायमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश चकरा मारा. गाडी आवळल्यासारखी, अडखळत वळली पाहिजे. टू व्हीलमध्ये वळते तशी मोकळी वळली, तर पुढची चाकं ओढतच नाहीत. दोष हबमध्ये असेल, हब व्हॅक्यूमवर चालणारी असतील तर त्याच्या नळीत असेल किंवा ट्रान्सफर केसमध्ये. मग लो गिअर टाकून एका चढावर पहिल्या गिअरमध्ये चढवा, तसंच उतरवा. गिअर निसटून बाहेर पडता कामा नये.

आता इंजिन. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनला हात लावून बघा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थंड इंजिन चालू होताना पांढरा धूर रेंगाळला तर ग्लो प्लग किंवा कॉम्प्रेशन तपासायचं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय. मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण फक्त सैल करा. झाकण उडायला लागलं, आतून दाबाने धूर आला, तर मेकॅनिकच्या भाषेत इंजिन बॅक मारतंय आणि रिंगा-लायनरचं काम उभं आहे.

एवढं झालं, की कागदाच्या एका बाजूला दुरुस्त होणारे दोष लिहा आणि दुसऱ्या बाजूला न होणारे. पहिल्या बाजूचा खर्च किमतीतून वजा करून खुशाल घासाघीस करा. दुसऱ्या बाजूला एक जरी ओळ आली, तरी भाव पाडून मागू नका, गाडी सोडून द्या. विकणारा खड्ड्यावर घ्यायला किंवा बोल्ट उघडायला नाही म्हणत असेल, तर तो नकारही याच बाजूला लिहा. या गाड्यांवर माझा जीव आहे. मजबूत चासीची, सरळ कागदांची जुनी डिझेल जीप सकलेशपूरपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही गॅरेजात उभी राहते आणि नव्या मालकालाही मनापासून साथ देते. तिच्यासाठी अर्धा दिवस खड्ड्यात उतरून हात काळे करावे लागले, तर ते जरूर करावेत.