आरसा असलेला कॅमेरा

पहिला डीएसएलआर घ्यायचा तर आत्ता घ्यावा, असं मी हल्ली विचारणाऱ्याला सांगते, आणि ऐकणारा माझ्याकडे संशयाने बघतो. त्याचंही बरोबर आहे. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही आपापले शेवटचे बडे आरसेवाले कॅमेरे २०२० मध्ये आणले, आणि नंतर सगळी अक्कल, सगळा पैसा बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळवला. म्हणजे बनवणाऱ्यांनीच ज्याचा नाद सोडला ते घ्या म्हणून मी सांगतेय. पण त्याचमुळे लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी जुन्या बॉड्या विकायला काढल्या, आणि मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात एकेकाळी भल्याभल्यांना न परवडणारे कॅमेरे आता कॉलेजातल्या मुलांच्या आवाक्यात आले.

माझी भाची तिथे तक्ता घेऊन आली होती. मोबाइलवर केलेला, एका रकान्यात मेगापिक्सेल, दुसऱ्यात सेकंदाला किती फोटो, तिसऱ्यात किंमत. जीव सगळा मेगापिक्सेलच्या रकान्यात. २००६ चा निकॉन डी-४० सहाचा, २०१२ चा डी-३२०० चोवीसचा, म्हणजे चौपट चांगला, असा तिचा सरळ हिशेब. पण हा आकडा क्षेत्रफळाचा असतो. सहाचे चोवीस झाले की फोटोची रुंदी दुपटीनेच वाढते. इंचाला तीनशे ठिपके धरून छापलं तर एकाचा फोटो साधारण दहा इंची होईल, दुसऱ्याचा वीस इंची. वीस इंची फोटो आपल्याकडे कोण छापून घेतं? (फार तर आजोबांचा, तोही ते गेल्यावर.) नवा सेन्सर कमी उजेडात बरा चालतो हे खरं, पण ते श्रेय निव्वळ मेगापिक्सेलचं नाही.

तक्त्यात जे मावत नाही ते दुकानात कळतं. मी तिला दोन बॉड्या आळीपाळीने डोळ्याला लावायला सांगितल्या. स्वस्त कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये छोटे छोटे आरसे जुळवलेले असतात. वरच्या दर्जाच्या कॅमेऱ्यात अखंड काचेचा प्रिझम. स्वस्तातल्यात चित्र लहान आणि जरा मंद दिसतं, शिवाय फोटोचा साधारण ९५ टक्केच भाग दिसतो. मग घरी आल्यावर फोटोच्या कडेला कुणाचा तरी कोपर सापडतो. "मावशी, हे बोगद्यातून बघितल्यासारखं आहे गं," ती म्हणाली, आणि २०१० चा डी-७००० तिच्या हातातून सुटेना. त्याला प्रिझम आहे, जवळजवळ पूर्ण चौकट दिसते, आणि फोकसची मोटर बॉडीतच असल्यामुळे मोटर नसलेल्या जुन्या ऑटोफोकस लेन्सही त्यावर आपोआप फोकस होतात. डी-४० वर त्या हाताने फिरवाव्या लागतात.

लेन्स मात्र टॉर्च मारल्याशिवाय घेऊ नये. बाहेरून एकही ओरखडा नसतो, दुकानदार "एकदम मिंट कंडिशन" म्हणत असतो, आणि मागून तिरका उजेड टाकला की आतल्या काचेच्या कडेला पांढुरके, फाटे फुटलेले धागे दिसतात. फंगस. आपल्या किनारपट्टीच्या हवेत, चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात जपून ठेवलेल्या लेन्सला ही बुरशी हमखास धरते. रोज वापरातली लेन्स बहुधा वाचते. आम्ही तीन लेन्स परत ठेवल्या आणि ३५ मिलिमीटरची, एफ १.८ ची साधी लेन्स घेतली. झूम होत नाही म्हणून भाची जरा खट्टू झाली. पण कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स ३५ वर जेवढा उजेड आत घेऊ शकते, त्याच्या सहा-एकपट ही घेते. संध्याकाळी घरात, ट्यूबलाइटखाली, त्याचीच गरज पडते.

या कॅमेऱ्याची एक गोष्ट मला कायम अचंब्यात टाकते. लेन्समधून आलेला उजेड तिरक्या आरशावर आपटून वर जातो आणि प्रिझममधून डोळ्यात येतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं, उजेड सेन्सरवर पडतो, आणि तेवढा वेळ व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार. म्हणजे फोटोत जो क्षण उतरला, नेमका तोच फोटो काढणाऱ्याने त्यातून पाहिलेला नसतो. पूर्वी तर फिल्म पुढे सरकवेपर्यंत आरसा वरच राहायचा; आपणहून खाली येणारा आरसा जपानच्या असाही कंपनीने १९५४ च्या असाहीफ्लेक्समध्ये बसवला. छायाचित्रकार होमाई व्यारावालांच्या रोलीफ्लेक्सला बघायची लेन्स वेगळी आणि फोटोची वेगळी, त्यामुळे तिथे हा अंधार नव्हता. मिररलेसने तो पुन्हा जवळजवळ घालवलाय. वर फोटो किती उजळ येईल, हेही मिररलेस आधीच दाखवतो.

लग्नात हार घालण्याचा क्षण टिपणाऱ्याने मिररलेसच घ्यावा. त्याला अंदाजाने काम करून चालत नाही. पण शिकणाऱ्याला मी आरशाचा देते तो या अंधारासाठी. समोरचं बघून पुढे काय होणार हे ताडायचं, उजेड किती ते मनाशी ठरवायचं आणि बटण दाबायचं. आधीच तयार चित्र दिसलं की माणूस चाक फिरवत बसतो, उजेडाकडे बघत नाही. हा माझा हट्टही असेल. भाचीला तो मुळीच पटला नाही. तिने मागचा लाइव्ह व्ह्यूचा खटका शोधून काढला, आरसा खाडकन वर गेला, चित्र स्क्रीनवर आलं. "मग हे कशाला दिलंय?" माझ्याकडे उत्तर एवढंच होतं, की या पिढीच्या बॉड्यांचा तिथला फोकस फार रेंगाळतो.

शेवटी शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा. डी-७००० चं शटर दीड लाख उघडझापींसाठी तपासलेलं आहे, आणि निकॉन प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये चालू आकडा लिहून ठेवतो. दुकानदाराने सांगितलं वीस हजार. आम्ही तिथेच एक फोटो काढून फाइल उघडली, आकडा निघाला साठ हजारांच्या पुढचा. एवढी लग्नं, बारशी, वाढदिवस कुणीतरी या आरशाआड न बघता टिपले होते. दुकानदाराला फारसं लाजल्यासारखं झालं नाही. भाचीने मात्र तेवढ्या जोरावर बॅग, चार्जर आणि एक जादा बॅटरी पदरात पाडून घेतली, आणि वर लेन्स पुसायचं कापडही मागितलं.