ऐकण्याचा परवाना

चि. शर्वरी,

लंडनच्या सायन्स म्युझियममधील ‘टू एल ओ’ या प्रक्षेपकाचे छायाचित्र पोचले. आजोबांच्या दप्तरात सापडलेल्या, पानोपानी तिकिटे डकवून त्यांवर टपाल कचेरीचे शिक्के मारलेल्या पुस्तिकेचे प्रयोजन काय, असे जे तू विचारलेस, त्याचे उत्तर योगायोगाने त्याच यंत्रापासून सुरू होते.

14 नोव्हेंबर 1922 रोजी त्याच्यावरून बीबीसीचे नित्य प्रक्षेपण सुरू झाले, आणि त्याचा खर्च श्रोत्यांनी दरसाल दहा शिलिंगांचा परवाना काढून सोसावा असे ठरले. हाच कित्ता आपल्याकडे गिरवला गेला. 23 जुलै 1927 रोजी जिच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले, त्या इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने आपला व्यवस्थापक एरिक डन्स्टन हा बीबीसीतूनच आणला, आणि परवान्याच्या दहा रुपयांपैकी आठ आपल्या पदरात पडावेत अशी तजवीज सरकारदरबारी करून घेतली.

परंतु लंडनचा हिशेब मुंबईस लागू पडेना. दीड किलोवॅटच्या यंत्राचा आवाज फार दूरवर धडपणे पोचत नसे, विलायती संच घेणे सुखवस्तू कुटुंबांनाच परवडे, आणि ज्यांच्या दिवाणखान्यात तो होता त्यांतील कित्येक गृहस्थ परवान्यावाचूनच निर्धास्तपणे गाणे ऐकत (त्यांच्याविषयी मला मनातून सहानुभूतीच वाटते), कारण संच नुसता बाळगणे हा तेव्हा गुन्हाच नव्हता. 1 मार्च 1930 रोजी कंपनीचे दिवाळे वाजले. महिन्याभरात केंद्रे सरकारने ताब्यात घेतली, आणि 1933च्या कायद्याने परवान्यावाचून संच बाळगण्यास मनाई केली.

आजोबांची पुस्तिका ही त्या कायद्याची संतती. दरसाल मुदत संपण्यापूर्वी टपाल कचेरीत जावे, रक्कम भरावी, तिकीट चिकटवून शिक्का घ्यावा, हा परिपाठ त्यांनी इमानेइतबारे पाळला. तरी एका पानावर विलंबाबद्दलच्या जादा आकाराची नोंद आहेच, आणि तिच्याखालील त्यांची सही नेहमीपेक्षा फणकाऱ्याने केलेली दिसते.

रेडिओचे परवाने तुमच्याकडे 1971 साली, आपल्याकडे 1980च्या दशकाच्या मध्यास रद्द झाले; दूरचित्रवाणीचा मात्र तिकडे अद्याप चालू आहे, तेव्हा ज्या नोटिशीबद्दल तू एवढी कुरकुर केलीस तिची रक्कम मुकाट्याने भरून टाक.

तुझा,
काका