इतर हक्क

सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, एखादी जुनी वहिवाट, असं बरंच काही तिथे नोंदलेलं असतं. कारखाना विकत घेणाऱ्या कंपनीला, तिच्या बँकरला, परदेशी भागीदाराला तो वाचता येत नाही. तो वाचते वकिलांच्या टीममधली एखादी मराठी मुलगी. रात्रीचे अकरा वाजलेले असतात. सांताक्रूझ पूर्वेच्या छोट्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून, ती तलाठ्याच्या हस्ताक्षरातला जुना फेरफार स्क्रीनवर मोठा करकरून बघत बसते. जमीन भोगवटादार वर्ग २ ची निघाली, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून हस्तांतर नाही. म्हणजे सौद्याचं क्लोजिंग लांबलं.

कॉर्पोरेट वकिली म्हणजे हे काम. काळा कोट नाही, ‘माय लॉर्ड’ नाही. ड्यू डिलिजन्स, रेडलाइन, टाइमशीट. सांताक्रूझला त्याची सवय आहे. कलिन्याला मुंबई विद्यापीठ, त्याच्या शेजारी बीकेसीतल्या बँका आणि लॉ फर्म्स. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पोचली. सांताक्रूझला गाडीत बसलेली वकील आता त्याच मार्गावर बीकेसीला उतरते, उच्च न्यायालयासाठी हुतात्मा चौकात, आणि कंपनी कायदा न्यायाधिकरणात तारीख असली तर थेट कफ परेडला. प्रवास खरोखरच सुखाचा झाला.

या वाटेवरची पहिली बाई नाशिकची. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म १८६६. १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला बीसीएलची परीक्षा दिली. पदवी मात्र हातात पडली १९२२ साली, तीस वर्षांनी. मधल्या काळात कायदा कोळून प्यायलेल्या या बाईंना वकील म्हणून रीतसर उभं राहायची मुभा नव्हती. म्हणून १९०४ पासून बंगालमध्ये त्यांनी कोर्ट ऑफ वॉर्ड्सची नोकरी धरली आणि पडदानशीन स्त्रियांच्या इस्टेटींची कागदपत्रं सांभाळली. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीचा दरवाजा उघडला आणि मिठन टाटा मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. सल्ला द्यायचा, पण सनद नाही, ही कॉर्नेलियाबाईंची अवस्था तिथे संपली असं वाटतं.

पण ती पुरती संपलेली नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४९ सांगतो की पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येणार नाही. नोकरी धरली की सनद स्थगित. नियम पुरुषालाही तोच आहे, पण त्याची झळ बाईला जास्त लागते. ती कशी, ते नीट पाहायला हवं.

फर्ममधल्या असोसिएटला बहुधा पगार नसतो, रिटेनर असतो: दरमहा व्यावसायिक फी, टीडीएस कापून. सनद शाबूत राहते. पण मातृत्व लाभाचा कायदा नोकरदार बाईसाठी आहे. २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ आठवड्यांवरून २६ वर नेली, पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केलं. रिटेनरवरच्या बाईला त्यावर सरळ हक्क सांगता येत नाही. काही मोठ्या फर्म्स स्वतःच्या धोरणाने भरपगारी रजा देतात आणि ते चांगलंच आहे. पण धोरण बदलता येतं, आणि छोट्या फर्ममध्ये ते असेलच असंही नाही.

वयाचा हिशेबही असाच आडवा येतो. तेविसाव्या वर्षी सनद घेतलेली मुलगी दहा वर्षांनी, पार्टनरपदाची चर्चा सुरू होते तेव्हा, तेहतीसची असते. नेमक्या त्याच वर्षांत बाळंतपण, सासू-सासऱ्यांची दुखणी, शाळेचं ॲडमिशन. सहा महिन्यांनी परत येते तेव्हा तिचे क्लायंट दुसऱ्याच्या फोनमध्ये गेलेले असतात. मग कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटमधली नोकरी शहाणपणाची वाटते: ठरलेला पगार, रजा हक्काची, घरी यायची वेळ त्यातल्या त्यात माणसाची. किंमत, सनद.

ती किंमत किरकोळ नाही. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशील-वकील गोपनीयतेचं जे संरक्षण वकिली करणाऱ्याला साक्ष कायद्याच्या एका कलमाखाली मिळतं, ते कंपनीच्या नोकरीतल्या कायदेतज्ज्ञाला त्या कलमाखाली मिळत नाही. डोकं तेच, अभ्यास तोच, आणि कायद्याच्या नजरेत ती वेगळी व्यक्ती.

झिया मोदींचं नाव इथे निघतंच, आणि निघायलाच हवं. न्यूयॉर्कला बेकर अँड मॅकेन्झीत काम करून त्या १९८४ मध्ये मुंबईला परतल्या, आधी कोर्टात उभ्या राहिल्या, मग कंपन्यांच्या कामाकडे वळल्या. २००४ मध्ये एझेडबी अँड पार्टनर्स उभी राहिली. देशातल्या मोठ्या सौद्यांच्या टेबलावर बाईची खुर्ची त्यांनी पक्की केली. त्या नामवंत वकील सोली सोराबजींच्या कन्या, हे सांगण्याने त्यांचं कर्तृत्व तसूभर उणं होत नाही. पण ज्या मुलीच्या घरात पहिला वकील तीच आहे, तिला एकट्या झियाबाईंचं उदाहरण देऊन ‘बघ, जमतं’ म्हणणं तिच्यावर अन्याय करणारं आहे. तिला लागतं ते साधं: रिटेनरवरच्या बाईलाही लागू होणारी रजा, रजेवरून आल्यावर तिचे क्लायंट तिला परत देण्याची लेखी पद्धत, आणि सातबारा वाचण्यात गेलेल्या रात्रींची पार्टनरपदाच्या वेळी मोजदाद.

सांताक्रूझच्या त्या वकील मुलीचा टेबलावरचा चहा गार झालाय. फेरफारात मालकाच्या मृत्यूनंतरची वारसनोंद सापडते. तिन्ही मुलगे कब्जेदार म्हणून लावलेले. बहिणीचं नाव, गावोगावी लिहीत आले तसंच, इतर हक्कात. ती त्या नावावर पिवळी खूण करते आणि पार्टनरला मेल लिहायला घेते: या बाईंची सही कुठेच नाही; त्यांना विचारल्याशिवाय क्लोजिंग करू नये.